जुनिपर तहानेनं मरत नाही

पावसाळा सरला की कोल्हापुरात बंगल्यांच्या अंगणातले जुनिपर तांबूस पडू लागतात आणि मालक पाइप घेऊन धावतात. ‘ऑक्टोबरचं ऊन लागलं, पाणी कमी पडलं’ हे ठरलेलं निदान. झाडाचा घात मात्र जुलै-ऑगस्टमध्येच झालेला असतो, आणि तोही पाण्यानेच.

जुनिपर हे सायप्रस वृक्षाच्या कुळातलं काटक झाड. आयुर्वेदातली हपुषा ही त्याचीच एक जात. लडाखच्या कोरड्या उतारांवर ते तगतं. न्यू मेक्सिकोत २००२-०३च्या दुष्काळात पिन्यॉन पाइन मोठ्या प्रमाणावर वाळले, त्यांच्या शेजारचे जुनिपर बहुतेक वाचले. असं झाड आपल्याकडे तहानेनं सहसा मरणार नाही.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीतली हवा ती वापरतात. आपल्या काळ्या चिकण मातीत पावसाचं पाणी दिवसचे दिवस साचून राहतं, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मुळांच्या पेशी गुदमरतात, ऊर्जा कमी पडते, पेशीरस आम्लधर्मी होतो. पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पेशीच्या आवरणात ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात, पाणी त्यांच्या छिद्रांतून आत येतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात दाखवून दिलं की पेशीरस आम्लधर्मी झाला की या प्रथिनातल्या एका ठराविक हिस्टिडीनला (प्रथिनाचा एक घटक, अमिनो आम्ल) प्रोटॉन चिकटतो आणि छिद्र मिटतं. म्हणजे मूळ पाण्यात बुडालेलं, आणि पाणी आत घेता येत नाही! त्यातच फायटोप्थोरा हा मुळं कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव येतो. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत पोचतात.

जुनिपरच्या खवल्यांसारख्या पानांतून पाणी फार हळू उडतं, त्यामुळे मूळ मेल्यावरही शेंडा काही आठवडे हिरवाच दिसतो. फसगत होते ती इथेच. शंका आली तर बाजूची माती उकरून एक बारीक मूळ चिमटीत धरा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेल्याची साल मोज्यासारखी निघून येते, हातात नुसता दोरा उरतो.

काही विक्रेते ‘हे झाड रात्री ऑक्सिजन देतं’ असं सांगून जादा पैसे घेतात. प्रकाश नसेल तर प्रकाशसंश्लेषण होत नाही, रात्री जुनिपरही आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरतो. वास्तूच्या दिशेपेक्षा उन्हाची दिशा बघा. दिवसाचं सहा तास थेट ऊन हवं.

लावताना खड्डा करण्यापेक्षा उंचवटा करा. मातीत मुरूम आणि जाड वाळू भरपूर मिसळा, शेणखत बेताचं घाला. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. छाटणी हिरव्या शेंड्यांपुरतीच ठेवा, आतल्या जुन्या उघड्या फांदीवर कात्री चालवली तर तिथे नवा डोळा सहसा फुटत नाही.