माऊस पॉइंटर ठळक करणे

संगणकाच्या पडद्यावरचा बाण चटकन नजरेस पडावा म्हणून त्याचा आकार, रंग किंवा हालचालीची खूण बदलण्याची सोय. मोतीबिंदू, मधुमेहाने अधू झालेली नजर, हाताचा कंप अशा अडचणी असणाऱ्यांना तिचा विशेष उपयोग होतो. दोन पडदे जोडून काम करणाऱ्या धडधाकट माणसाचाही बाण हरवतोच.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दिले, तेव्हा बाणाचे टोक सरळ वर होते. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात तो डावीकडे कलला, कारण त्या काळच्या भरड पडद्यावर तिरपा बाण काढायला आणि ओळखायला सोपा जाई.

विंडोज ११ मध्ये विंडोज आणि यू ही बटणे एकत्र दाबली की सुलभतेच्या सेटिंग्ज उघडतात. तिथे बाणाचा आकार १ ते १५ पर्यंत वाढवता येतो. रंग पांढरा, काळा, उलटा किंवा आपल्या पसंतीचा ठेवता येतो. बहुतेक जण नुसता आकार वाढवून थांबतात. खरा फरक रंगाने पडतो. पांढऱ्या फॉर्मवर पांढरा बाण कितीही मोठा केला तरी त्याची फक्त कडाच दिसते. उलटा रंग पार्श्वभूमीच्या विरुद्ध होतो, पण मध्यम करड्या भागावर तोही विरघळतो, कारण त्या करड्याचा उलटा रंग जवळजवळ तोच करडा असतो. गडद गुलाबी किंवा पोपटी रंग सहसा दगा देत नाही. माऊसच्या जुन्या सेटिंग्जमध्ये कंट्रोल बटण दाबताच बाणाभोवती वर्तुळ उमटवण्याचीही सोय आहे. मॅकवर माऊस जोरात हलवला की बाण क्षणभर फुगतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात या सोयीचे महत्त्व थोडे वेगळे आहे. दाखल्यांचे अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर भरले जातात आणि तिथली भाषा कन्नड किंवा इंग्रजी. ज्या मराठी गिऱ्हाइकाला कन्नड वाचता येत नाही, त्याला अर्ज भरून देणारा केंद्रचालक बाण फिरवत ‘हे तुमचं नाव, हे वडिलांचं, हा सर्व्हे नंबर’ असे दाखवतो. टेबलापलीकडून वाकून पाहणाऱ्या आजोबांना तो बारीक बाण दिसलाच नाही, तर ‘बरोबर आहे की ओ’ म्हणण्याला अर्थ राहत नाही. म्हणजे इथे बाण केवळ चालकाला दिसून भागत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसारख्या ठिकाणी ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर काम चालते, तिथे बाणाऐवजी अधिकचिन्हासारखी फुली असते. तिची लांबी मुळात पडद्याच्या ५ टक्के असते. ‘कर्सरसाइझ’ ही आज्ञा देऊन १०० केली की रेघा पडद्याच्या कडेपर्यंत जातात. मराठी मजकूर जुळवणाऱ्यांची अडचण निराळी. मजकुरावर बाणाची बारीक उभी रेघ होते आणि देवनागरीच्या दाट ओळीत ती एखाद्या अक्षराचा कानाच वाटते. टंकनाची जागा दाखवणाऱ्या लुकलुकत्या रेघेलाही हेच लागू. तिच्या टोकांना रंगीत ठिपके लावण्याची सोय विंडोज १० मध्ये २०२० साली आली.

हे बदल विंडोजमध्ये ज्याच्या त्याच्या खात्यापुरते राहतात. सामाईक संगणकावर मोठ्या बाणाचे वेगळे खाते उघडून ठेवले, तर इतरांची कुरकुर ऐकावी लागत नाही.