दोन दिवसांचा कॉलेज स्टॉल: आधी स्टिकर, मग फ्लेक्स

गॅदरिंगला किंवा युवक महोत्सवात स्टॉल टाकायचं ठरलं की पहिली ऑर्डर येते ती फ्लेक्सची. आम्हा छपाईवाल्यांचं म्हणणं, क्रम उलटा ठेवा. फ्लेक्स दोन दिवस टांगलेला राहतो. गिऱ्हाइकाच्या घरी जातो तो पिशवीवरचा दोन इंची गोल स्टिकर. तेवढ्याशा जागेत नाव वाचता आलं, तर तेच डिझाइन बॅनरवर बिनघोर मोठं करता येतं. उलट्या दिशेनं गेलात की सगळं बारीक काम गिचमिड होतं.

चिन्ह म्हणून बहुतेक जण अजिंठ्याचा पद्मपाणी, बीबी का मकबरा नाहीतर पैठणीवरचा मोर घेऊन येतात. आपल्या भागाचं प्रेम समजतं, पण एका इंचात पद्मपाणीच्या मुकुटाचा काळा ठिपकाच उरतो. मकबऱ्याची एक कमान घ्या, मोराचं एकच पीस घ्या. दोन इंचात रेघ १ मिमीपेक्षा बारीक नको. रबरी शिक्का करणार असाल तर दोन रेघांमधली जागाही तेवढीच सोडा, नाहीतर शाई भरून बसते.

नाव छोटं बरं. अक्षरासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही मोफत आहेत, धंद्यासाठीही चालतात. ओळी फार जवळ आणल्या की वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांत अडकतात. फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारात रूपांतर करून. नाहीतर आमच्या संगणकावर तो फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, आणि ते लक्षात येतं छापून झाल्यावर.

रंग एक गडद, एक फिका, बास. मोबाइलवर झगमगणारा पोपटी आणि निळा छपाईत मळकट दिसतो, कारण पडद्याचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. खाकी पिशवीवर पिवळा तर दिसतच नाही. तिथे गडद मरून किंवा काळा शिक्का मारा.

१२ बाय १८ इंची शीटवर दोन इंची ४० स्टिकर बसतात. २०० पिशव्यांना पाच शीट लागतात. सहावी जादा घ्या, चिकटवताना काही वाया जातातच. कापणीसाठी चहूबाजूंनी ३ मिमी रंग बाहेर वाढवा.

६ बाय ३ फुटी फ्लेक्सवर नावाची उंची किमान ८ इंच हवी. वारं मोकळं असेल तर दर दोन फुटांवर रिंग (दोरी ओवायची धातूची कडी) मारून घ्या. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आणि सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तेव्हा ते मागू नका.

पैसे घेण्याचा क्यूआर कोड निदान साडेतीन इंची, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा सोडून. चकचकीत लॅमिनेशन नको. दिव्याची तिरीप पडली की स्कॅन होत नाही. खातं कोणाच्या नावावर आहे ते खाली लिहा. मोबाइलवर अनोळखी नाव आलं की गिऱ्हाईक थबकतं.

लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. आणि तारीख मुख्य फ्लेक्सवर छापू नका. ती वेगळ्या पट्टीवर घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी फक्त पट्टी बदलावी लागेल.