काट्यावरची इमानदारी : वऱ्हाडातील कापूस बाजाराची पार्श्वभूमी

कामाच्या ठिकाणच्या नीतिमत्तेची चर्चा बहुतेक वेळा शहरातील कचेऱ्या आणि कंपन्यांपाशीच थांबते. विदर्भाच्या ग्रामीण भागात मात्र या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो प्रामुख्याने कापूस बाजाराच्या आवारात घडला आहे. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे मोल अडत्या (विक्री करून देणारा दलाल), मापारी (माल तोलणारा), ग्रेडर (मालाची प्रत ठरवणारा) आणि बाजार समितीचे कर्मचारी यांच्या हातून ठरते. त्यामुळे या माणसांनी कोणाचा पैसा घ्यावा, कोणाला जबाबदार राहावे आणि आपल्या हातातील अधिकार कोठवर वापरावा, हे प्रश्न येथे फार लवकर उभे राहिले.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तो मुख्यतः त्याच्या काळ्या जमिनीमुळे आणि तीत पिकणाऱ्या कापसामुळे मोलाचा ठरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा मिळाला आणि वऱ्हाडातील गाठी मुंबई बंदरामार्गे परदेशी जाऊ लागल्या. मागणी वाढली तशी भेसळीची ओरडही वाढली. कापूस ओला करणे, त्यात सरकी, माती किंवा हलका माल मिसळणे, वर चांगला आणि आत कमी प्रतीचा भरणे, अशा तक्रारी परदेशी खरेदीदारांकडून येत होत्या. त्या नव्या नव्हत्या. मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध १८२९ मध्येच नियम झाला होता आणि १८६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रामाणिकपणाची पहिली कायदेशीर मागणी झाली ती विकत घेणाऱ्याच्या बाजूने. बैलगाडी घेऊन बाजारात आलेल्या शेतकऱ्याची फसवणूक हा राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय व्हायला आणखी बराच काळ जावा लागला.

ती फसवणूक कशी होत असे, हे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल आहे तो शेजारी उभा असूनही त्याला आकडा कळत नसे. भाव ठरल्यावर गाडी काट्यावर जाई. तेथे दांडी पूर्ण स्थिर होण्याआधीच वजन पुकारले, दगडाचे वजन प्रमाणाबाहेरचे ठेवले किंवा बारदान्याच्या नावाखाली जास्तीचा कडता, म्हणजे वजनातील कपात, धरली, की दर गाडीमागे काही शेर कापूस विनामूल्य खरेदीदाराकडे जाई. त्यानंतर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होई आणि तीत अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा कपातींची रांग लागे. तोपर्यंत निम्मा माल जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, उतरलेला असे. अशा वेळी वांधा, म्हणजे मालात खोट, काढून भाव पाडला, तर उरलेला कापूस परत भरून पाच-सात कोस गाडी हाकणे कोणाला परवडणार होते? अडत्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणवला जाई, पण त्याचा रोजचा व्यवहार आणि देणेघेणे खरेदीदाराशी असे. मापाऱ्याचेही तेच होते. एका बाजूच्या जिवावर पोट असलेल्या माणसाने दोन्ही बाजूंचा न्याय करायचा, ही या व्यवस्थेची खरी खोट होती. माझ्या मते व्यावसायिक नीतिमत्तेचा गाभा येथेच आहे. माणूस मुळात सज्जन असला तरी त्याच्या भाकरीची दोरी एकाच पक्षाच्या हाती असेल, तर त्याच्या सज्जनपणावर फार मोठा भार पडतो.

देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून जिचा उल्लेख होतो, ती कारंजा येथील बाजारपेठ १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या, आदेशाने सुरू झाली. आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा त्या काळी कापसाचे मोठे केंद्र होते. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावाने मिळावा, हा हेतू त्यामागे होता, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्याने बाजाराची जागा ठरवली, दलाल आणि मापारी यांना परवाना सक्तीचा केला आणि देखरेखीसाठी समिती नेमली. परवाना ही वरकरणी साधी बाब वाटते. परंतु तिच्यामुळे मापाऱ्याचे काम प्रथमच असा व्यवसाय ठरले, ज्यात गैरवर्तन केल्यास काम करण्याचा हक्कच जाऊ शकतो. पुढे देशात इतरत्र झालेल्या कायद्यांना वऱ्हाडचा हा कायदा नमुना ठरला, याचा आपल्या भागाला विसर पडावा, ही खेदाची गोष्ट आहे.

या कायद्यात मोठी उणीवही होती. देखरेख करणाऱ्या समितीत व्यापारी आणि नगरपालिका यांचे प्रतिनिधी होते. कापूस पिकवणाऱ्याला तीत स्थान नव्हते. १९२६ ते १९२८ या काळात काम केलेल्या शेतीविषयक शाही आयोगाने बाजारांतील गैरप्रकारांची दखल घेतली आणि नियंत्रित बाजार सर्वत्र उभारण्याची शिफारस केली. त्यापूर्वीच १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या) कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक सक्तीचा केला होता, त्यामुळे भेसळीचा माग काढणे शक्य झाले. मध्य प्रांतात १९३२ मध्ये कापूस बाजाराचा आणि १९३५ मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा झाला. वजनमापांची एकवाक्यता मात्र १९५६ च्या केंद्रीय कायद्यानंतर, मण आणि शेर जाऊन क्विंटल आणि किलो आले तेव्हाच साधली.

आजच्या बाजार समित्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यावर उभ्या आहेत. उघड हर्रास (लिलाव), परवानाधारक मापारी, छापील काटापट्टी (वजनाची पावती) आणि मोजमाप होताच पैसे चुकते करण्याचे बंधन, या सर्वांचा उगम वर सांगितलेल्या जुन्या तक्रारींत आहे. समितीवर शेतकऱ्यांचे बहुमत आले आणि हमाल-मापाऱ्यांनाही प्रतिनिधित्व मिळाले.

त्यानंतर दशकभरातच प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खरेदीदार स्वतः शासनच झाले. खासगी व्यापारी बाजूला झाल्यावर फसवणूक संपेल, अशी अनेकांची प्रामाणिक अपेक्षा होती. परंतु आता सगळा भार ग्रेडरच्या शब्दावर आला. ढिगात हात घालून मूठभर कापूस बाहेर काढायचा, धागा दोन बोटांत ताणून पाहायचा, रंग आणि कचरा पाहायचा आणि प्रत सांगायची, एवढ्यावर शेतकऱ्याचा दर ठरे. ओळखीच्या माणसाला वरची प्रत आणि अनोळखी माणसाला खालची, ही तक्रार त्या वर्षांत गावोगाव ऐकू येई. खरेदीदार बदलला, तरी कोणाच्या तरी निर्णयावर अवलंबून असलेला माणूस तोच राहिला होता. त्याच खरेदी केंद्रांवर, मिंधेपणा न पत्करता आणि अनोळखी गाडीलाही न्याय देऊन काम करणारे ग्रेडर होते, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. त्यांच्या रांगेत आपली गाडी लागावी म्हणून लोक थांबून राहत.

आता भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ओलावामापक यंत्र वापरले जाते. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात आणि बारावर गेल्यास खरेदी नाही, असा नियम आहे. यंत्र आले तरी ते गाडीच्या कोणत्या भागात खुपसायचे, हे माणूसच ठरवतो. ट्रॉलीच्या तळाशी आणि माथ्यावर आकडा वेगळा येतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचा माल हमीभावात घालण्याचा प्रकारही याच व्यवस्थेच्या कडेला वाढला आहे, आणि त्यात काही वेळा सातबारा देणारा शेतकरीही सहभागी असतो. शिवाय पैशाची निकड असलेला मोठा वर्ग आजही खेडा खरेदीत, दारात आलेल्या व्यापाऱ्याला कापूस देतो. तेथे हर्रास नाही, परवानाधारक मापारी नाही, बहुतेकदा काटापट्टीही नाही. वजनकाटे तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का त्या काट्यावर आहे की नाही, हे पाहण्याचे काम अंगणात उभ्या असलेल्या विक्रेत्यालाच करावे लागते.