लाहीनं स्वतःच काढलेला फोटो

मराठवाड्यात वसमतकडच्या आमच्या गावाजवळ हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली तेव्हापासून शंकरपट पुन्हा जोरात आहेत. दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. दाणीत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जोडी भरधाव सुटलेली, ती हाकणारा धुरकरी पुढं वाकलेला, आणि आठांपैकी एकही खूर जमिनीला टेकलेला नाही. झालं! एकानं लिहिलं, ‘हे एआयचं काम आहे.’ दुसऱ्यानं नंदीचा चमत्कार म्हणून हात जोडले. आणि उभा जन्म बैलांमागं काढलेले आमचे आबा म्हणाले, “बैल काय चिमणी हाय व्हय? एक तरी पाय टेकतोच.”

आबांचं चुकलं, पण त्यात कमीपणा नाही. घोड्यांमध्येच वाढलेली माणसंही याच प्रश्नावर शतकानुशतकं भांडत होती. चित्रकार तर धावता घोडा काढायचे तो पुढचे दोन पाय पुढं ताणलेले, मागचे दोन मागं, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या बेडकासारखा. घोडा तसा कधीच धावत नाही. तो हवेत असतो तेव्हा त्याचे चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. ग्रुपवरच्या फोटोतले बैलही तसेच होते, म्हणून तर मला तो फोटो खरा वाटला.

घोड्याचा निकाल लागला जून १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला. घोडे लेलंड स्टॅनफर्ड या रेल्वेवाल्या धनाढ्याचे, फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिज. (स्टॅनफर्डनं पंचवीस हजार डॉलरची पैज लावली होती ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिला पुरावा नाही.) मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीनं मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडीच्या धक्क्यानं दोरा तुटला की त्या कॅमेऱ्याचं शटर विजेनं सुटायचं. म्हणजे बटण दाबायला माणूसच नव्हता, घोडी धावता धावता आपले फोटो आपणच काढत गेली.

या प्रयोगातले आकडे मला फार आवडतात. मायब्रिजनं छापलेल्या कार्डावर लिहिलंय की दोन फोटोंमधलं अंतर २७ इंच आणि वेळ सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग. घोडीचा वेग मैलाला १ मिनिट ४० सेकंद, म्हणजे सेकंदाला १६ मीटर. आणि प्रत्येक शटर उघडं राहिलं, त्याच्याच दाव्यानुसार, सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. आता हिशेब करा. शटर उघडं असताना घोडी सरकली जेमतेम ८ मिलिमीटर, आणि एका फोटोपासून पुढच्या फोटोपर्यंत सरकली सुमारे ६९ सेंटिमीटर. या दोन वेगळ्या वेळा आहेत. पहिली ठरवते फोटो हलला का, दुसरी ठरवते मधलं काय निसटलं.

मोबाइलची जाहिरात नेमका इथंच घोळ घालते. ‘सेकंदाला ९६० फ्रेम’ ही दुसरी वेळ झाली, पहिलीबद्दल जाहिरात मूग गिळून गप्प. शिवाय काही फोन ९६० मधल्या बऱ्याच फ्रेम टिपतच नाहीत. शेजारच्या दोन फ्रेम बघून मधलं चित्र गणितानं रचतात. ते दिसायला झकास असतं, पण पुरावा म्हणून त्याची किंमत एआयच्या बैलाइतकीच.

मायब्रिजची खरी करामत अशी की त्याच्याकडे वेगवान कॅमेरा नव्हताच. फिल्मच्या जागी ओल्या कलोडियनचं रसायन फासलेली काच, एका कॅमेऱ्यात एकच, आणि ती वाळायच्या आत वापरायची. पण बारा मंद डोळ्यांनी एकेकदाच बघायचं ठरवलं, तर दोन नजरांमधली वेळ कॅमेऱ्याच्या चपळाईवर अवलंबून राहत नाही. दोरे जवळ बांधले की वेळ कमी, लांब बांधले की जास्त. त्याचं घड्याळ म्हणजे दोऱ्यांमधलं अंतर.

हे डोक्यात होतं आणि श्रावण आला. आमच्याकडे नागपंचमीला तवा ठेवत नाहीत, म्हणून ज्वारीच्या लाह्या आदल्या दिवशीच फोडतात. भिजवून सुकवलेली ज्वारी तापल्या कढईत टाकायची, फडक्याच्या बोळ्यानं हलवायची, की तडतड सुरू. फोनच्या २४० फ्रेमच्या व्हिडिओत मी लाही पकडायला गेलो. एका फ्रेममध्ये दाणा, पुढच्या फ्रेममध्ये एक धूसर पांढरा ठिपका, आणि मग दाणा चित्रातून पसार. दोन फ्रेमच्या मधे ४ मिलिसेकंद जातात, आणि मला हवं होतं ते सगळं त्या फटीत होऊन गेलेलं.

मग मायब्रिजच करायचं ठरवलं. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे ओळखीच्या फोटोग्राफरांचे कॅमेरे कपाटात पडून होते. तीन मिळाले, सोबत तीन फ्लॅश. पहिलाच अडथळा शटरचा. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत असा कॅमेरा सेकंदाचा दहावा-विसावा भाग घेतो, आणि तोही दरवेळी थोडा कमी-जास्त. तेवढ्यात लाही फुटून, उडून, कढईबाहेर पडलेली असते. म्हणून शटरवर भरवसाच ठेवायचा नाही. खोलीत मिट्ट काळोख करायचा, तिन्ही शटर आधीच उघडी ठेवायची, आणि फोटो काढायचं काम फ्लॅशवर सोपवायचं. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की त्याचा प्रकाश सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागापुरताच टिकतो. अंधारात कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं.

फ्लॅश उडवायचा कोणी? लाहीनंच. फुटण्याच्या आवाजानं. माइक, छोटं सर्किट आणि एक एससीआर, म्हणजे विजेच्या इशाऱ्यानं चालू होणारा स्विच. सगळे भाग दुरुस्तीच्या दुकानात मिळाले. आणि आवाज हवेत सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर. फुटाला थोडं जास्त. तेव्हा पहिला माइक दाण्यापासून ३५ सेंटिमीटरवर, दुसरा ७० वर, तिसरा १०५ वर ठेवला आणि प्रत्येकाला आपापला फ्लॅश जोडला. आवाजानंतर १, २ आणि ३ मिलिसेकंदांनी तीन फ्लॅश. टायमर नाही, प्रोग्रॅम नाही, फक्त फूटपट्टी. दोऱ्यांच्या जागी हवेतली लाट आली, बाकी घड्याळ तेच, अंतराचं.

हेच घड्याळ उलटं करून आपण वीज किती लांब पडली ते मोजतो. लखलखाट दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं, किलोमीटर मिळतात. मराठवाड्यात दर उन्हाळ्याच्या शेवटी रानात माणसं-जनावरं वीज पडून मरतात, आणि तरी पारावर चर्चा असते की अमका पायाळू होता म्हणून वीज त्याच्यावर आली. जन्माला येताना पाय आधी आले की डोकं, हे ढगाला कुठून कळणार? तो माणूस पावसात लिंबाखाली उभा होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

कढईकडे परत येऊ. जाड लोखंडी कढई तापवायची, गॅस बंद करायचा, दिवा मालवायचा आणि एकच दाणा टाकायचा. कढईचं बूड गोल, त्यामुळे दाणा आपोआप मधोमध येतो. पहिल्या दिवशी वहिनीच्या बांगड्या वाजल्या की तिन्ही फ्लॅश उडायचे. त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. (त्याची किंमत मोजली, त्या दिवशी चहा मिळाला नाही.) आणि मग लक्षात आली खरी अडचण. काळोखात तिन्ही कॅमेरे उघडे, म्हणजे तिघांनाही तिन्ही फ्लॅश दिसणार! प्रत्येक फोटोत तीन लाह्या एकमेकींवर चढलेल्या.

तोडगा मिळाला स्टेशनरीच्या दुकानात. पहिल्या फ्लॅशवर लाल जिलेटीन कागद आणि पहिल्या कॅमेऱ्यावरही लाल. दुसऱ्या जोडीवर हिरवा, तिसऱ्यावर निळा. लाही पांढरी, ती तिन्ही रंग सारखेच परतवते. कागद स्वस्तातले, त्यामुळे हिरव्याचं थोडं भूत निळ्यात उतरलं, पण फोटो वेगळे झाले. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात प्रकाश पडला: डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल-हिरवे-निळे ठिपके आधीच असतात, म्हणजे तीन क्षणांना एक कॅमेरा पुरतो! दोन कॅमेरे सकाळीच परत केले. पण चौथा क्षण हवा असेल तर चौथा रंग आणायचा कुठून?

याचं उत्तर १९२९ मध्येच मिळालं होतं, जर्मनीत. बंदुकीच्या गोळ्यांचा अभ्यास करणारे कार्ल क्रांझ आणि त्यांचे सहकारी ह्युबर्ट शार्डिन यांनी ते शोधलं, आणि त्यावर माझा इतका जीव आहे की इथं थोडा वेळ घेणारच. एक भिंग घ्या, एका बाजूला दोन मेणबत्त्या लावा, दुसऱ्या बाजूला कागद धरा. कागदावर दोन ज्योती दिसतील, उलट्या आणि अदलाबदल होऊन, डावीची उजवीकडे. म्हणजे भिंगातून गेलेला डाव्या मेणबत्तीचा प्रकाश एका ठरावीक ठिपक्यावर गोळा होतो, उजवीचा दुसऱ्या. आता मेणबत्त्यांच्या जागी विजेच्या ठिणग्या ठेवा, आणि कागद काढून प्रत्येक ठिपक्याच्या जागी एकेक कॅमेरा असा बसवा की तो ठिपका बरोबर त्याच्या लेन्सच्या तोंडात पडेल. पहिली ठिणगी पेटली की पहिल्या कॅमेऱ्याला समोरचं मोठं भिंग काठोकाठ उजळलेलं दिसतं. दुसऱ्या कॅमेऱ्याला तेच भिंग त्याच क्षणी काळं, कारण त्या ठिणगीचा प्रकाश त्याच्या दारात येतच नाही. घटना घडते मोठ्या भिंगाजवळ, आणि तिची सावली ज्या कॅमेऱ्याची पाळी त्याच्याच फिल्मवर उमटते. यात दोन प्रतिमा एकाच वेळी बनतात हे ध्यानात ठेवा: मोठं भिंग ठिणगीची प्रतिमा लेन्सच्या तोंडात आणतं, आणि ती लेन्स घटनेची प्रतिमा फिल्मवर. शटर नाही, रंग नाही, फिल्मही जागची हलत नाही. ठिणग्या ओळीनं पेटवायच्या, बस्स. पुढं २४ ठिणग्यांचे असे कॅमेरे रूढ झाले आणि ते सेकंदाला दहा लाखांच्या वेगापर्यंत पोचले. फोटो चोवीसच, पण त्यांच्यामधली वेळ सेकंदाचा दहा लाखावा भाग.

एवढा वेग लागतो कशाला? खिडकीच्या काचेला चेंडू लागला की चीर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं धावते. अर्ध्या मीटरची काच सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात संपते. फोनला अख्खी काच दिसते, नाहीतर तुकडे. शार्डिन यांनी अशाच कॅमेऱ्यांनी काचेतल्या चिरा टप्प्याटप्प्यानं पाहिल्या. दहा लाखांच्या वेगानं दोन फोटोंत चीर सरकते फक्त दीड मिलिमीटर.

एकच दोष राहतो. प्रत्येक कॅमेरा थोड्या वेगळ्या कोनातून बघतो, त्यामुळे मोजमाप करताना तेवढी दुरुस्ती करावी लागते. आजचे काही अतिवेगवान कॅमेरे एकाच लेन्समधून आलेला प्रकाश आत अनेक सेन्सरना वाटून देतात. कोनाचं भांडण मिटतं, पण प्रकाशाच्या वाटण्या होतात, जशा शेताच्या होतात.

अणुचाचण्यांच्या वेळी तर प्रकाशाचा तुटवडा नव्हता, पूर होता. एमआयटीच्या हॅरोल्ड एजर्टननी त्यासाठी रॅपाट्रॉनिक कॅमेरा बनवला. एका स्फोटाचा एका कॅमेऱ्यात एकच फोटो, म्हणून त्यांची रांग मांडायची. शटरला हलणारा भागच नाही: एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणारे दोन पोलरॉइड पडदे, एक आडवा आणि एक उभा, त्यामुळे दोन्हींतून मिळून प्रकाश जात नाही, आणि मधे काच. काचेभोवतीच्या वेटोळ्यात विजेचा झटका दिला की चुंबकीय क्षेत्रामुळे प्रकाशाची कंपनदिशा वळते, वाट क्षणभर उघडते आणि मिटते. त्या फोटोंतल्या अग्निगोलाला खालून काटे फुटलेले दिसतात. बॉम्ब ज्यावर ठेवलेला असे त्या मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारा गोळा पोचायच्या आधीच नुसत्या उजेडानं वाफ झाल्या, ते हे काटे.

माझ्या लाहीच्या पहिल्या, लाल फोटोत दाणा आधीच फुटलेला आहे. टरफलाची कड वर उचललेली आणि आतून पिठाचा फेस बाहेर आलेला. हिरव्यात फेस दाण्याएवढा, निळ्यात दाणा कलंडायला लागलेला. त्याआधीचा क्षण मला मिळणारच नव्हता. मक्याच्या लाहीवर २०१५ मध्ये फ्रान्सच्या व्हिरो आणि पोनोमारेन्को यांनी काम केलं. दाणा सुमारे १८० अंशांना फुटतो, आणि तो ‘टप्प’ कवच तडकल्याचा नसून आत कोंडलेली वाफ सुटल्याचा असतो. १८० अंशांना वाफेचा दाब हवेच्या दहा पट. वाफ सुटायला आधी तडा हवा, आणि माझं घड्याळ वाफ सुटल्यावर सुरू होतं. त्या दोघांनी सेकंदाला २९०० फ्रेमचा व्हिडिओ कॅमेरा वापरला. असे कॅमेरे सतत टिपत आणि जुनं पुसत राहतात, आणि आवाज आल्यावर पुसणं थांबवलं की मागचंही हाती लागतं. स्थिर कॅमेऱ्यांच्या रांगेला मागं वळून बघता येत नाही.

आबांना तिन्ही फोटो दाखवले. लाल, हिरवी, निळी लाही बघून ते म्हणाले, “आन् बैलाचं काय?” बैलांपुढं दोरा ताणणं शक्य नाही, जोडी बुजेल. दाणीच्या कडेला, मातीखाली, खुरांच्या धमकेनं चालणारे माइक पुरायचा विचार आहे. दिवसाउजेडी फ्लॅशचा उपयोग नाही, म्हणून तिथं शटरशीच झुंजावं लागेल. जोडी २७ इंच जायला सेकंदाचा विसावा भाग घेत असेल, तर तेवढी चालढकल हिशेबात धरता येते.

आणि कोणाला लाहीचा प्रयोग करायचा असेल तर जुना फ्लॅश उघडू नका. त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सेल काढल्यावरही तीनशे व्होल्ट धरून बसलेला असतो. मला तो एकदा चावलाय, कोपरापर्यंत.