न्यायालयीन खरेदी व कंत्राटे (सातारा–सांगली)

न्यायालयीन खरेदी व कंत्राटे : जिल्हा व तालुका न्यायालयांना दैनंदिन कामासाठी लागणाऱ्या वस्तू आणि सेवा शासकीय निधीतून मिळवण्याची, त्यासाठी करार करण्याची व ते पुरे करून घेण्याची पद्धत. कागद, कपाटे, दप्तर बांधायचे कापड येथपासून संगणक, झेरॉक्स यंत्रे, साफसफाई आणि जनित्राची देखभाल येथपर्यंत तिचा आवाका आहे. इमारतींचे बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असल्याने ते या नोंदीत घेतलेले नाही.

संज्ञा : या व्यवहाराची परिभाषा वेगवेगळ्या राजवटींचे थर दाखवते. ‘मक्ता’ हा शब्द अरबी क-त-अ (कापणे, ठरवून टाकणे) या धातूशी जोडला जातो. ‘इजारा’ही अरबीच. मक्त्याच्याच अर्थाचा ‘गुत्ता’ दक्षिणेकडचा असून कन्नड ‘गुत्तिगे’ व तेलुगू ‘गुत्त’ ही त्याची भावंडे आहेत. जत, मिरज या कन्नडशेजारी भागांत तो कानाला परका वाटत नाही. खरा वाद ‘कंत्राट’ या शब्दाविषयी आहे. एक पक्ष तो पोर्तुगीज ‘कोंत्रातो’वरून आला असे मानतो, दुसरा इंग्रजी ‘कॉन्ट्रॅक्ट’वरून. पहिल्या पक्षाचा आधार ‘त्र’ हा दंत्य उच्चार होय, कारण इंग्रजीतून आलेल्या शब्दांत सहसा ‘ट्र’ राहतो (ट्रक, ट्रंक). मात्र ‘मास्तर’मध्ये इंग्रजी ट चा त झालेला दिसतो. उलट अंत्य ‘ट’ इंग्रजीकडे बोट दाखवतो असे म्हणावे, तर पोर्तुगीज ‘बताता’चा आपण ‘बटाटा’ केलाच आहे. म्हणजे केवळ उच्चारावरून निकाल लागत नाही. देशावर हा शब्द एकोणिसाव्या शतकात रस्ते, पूल व सरकारी इमारतींच्या कामांबरोबर रुळला असावा. त्यामुळे निदान सातारा-सांगलीपुरती इंग्रजी व्युत्पत्ती अधिक संभवनीय वाटते. किनारपट्टीवरची गोष्ट वेगळी असू शकेल. ‘निविदा’ हा संस्कृत नि + विद् (कळवणे) यावरून घडवलेला कार्यालयीन शब्द आहे. बोलताना मात्र टेंडरच भरले जाते आणि टेंडरच उघडले जाते.

पूर्वपीठिका : सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा होऊन तेथे ब्रिटिश जिल्हा प्रशासन आले. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ च्या सुमारास विलीन होईपर्यंत त्यांची न्यायव्यवस्था त्या त्या दरबाराच्या खर्चाने चाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या सातारा जिल्ह्याचा एक भाग आणि संस्थानी मुलूख अशा दोन्हींवर त्यामुळे एकच नियमावली लागू झाली.

करार कोणाचा? : तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नाजूक मुद्दा हा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. मग त्यांच्यासाठी केलेला करार शासनाच्या कार्यकारी अधिकारातला, म्हणजे अनुच्छेद २९९ खालचा, मानावा काय, असा प्रश्न निघतो. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर भर देणाऱ्यांना ही कल्पना अडचणीची वाटते. तथापि न्यायालय ही स्वतंत्र विधिव्यक्ती नाही, पैसा राज्याच्या निधीतून जातो आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७९ प्रमाणे दावाही ‘महाराष्ट्र राज्य’ या नावानेच चालतो. हे पाहता अनुच्छेद २९९ लागू धरणे श्रेयस्कर होय. त्यानुसार करार राज्यपालांच्या नावे व्यक्त झाला पाहिजे आणि प्राधिकृत अधिकाऱ्याने त्यावर सही केली पाहिजे. सही करणारा मात्र व्यक्तिशः जबाबदार ठरत नाही. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद २२९ अन्वये राज्याच्या संचित निधीवर भारित असतो, म्हणजे त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही. जिल्हा न्यायालयांना ते संरक्षण नसून त्यांची रक्कम विधिमंडळाच्या मतदानातून, ‘न्यायदान’ या २०१४ क्रमांकाच्या मुख्य लेखाशीर्षाखाली येते. (हा लेखाशीर्षाचा क्रमांक आहे, नवख्या लिपिकाला तो हमखास साल वाटतो.)

औपचारिक करार न होताच माल पोहोचला तर? पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल (१९६२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा करार अवैध असला, तरी शासनाने लाभ स्वीकारला असल्यास भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० खाली मोबदला देय ठरतो असे मानले. तोंडी आदेशावर खुर्च्या उतरवून घेणाऱ्या कार्यालयाचे देणे त्यामुळे चुकत नाही. पुरवठादाराला मात्र कराराचा दर न मिळता वाजवी भरपाई मिळते.

कार्यपद्धती : १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका लागू केली. तीन लाख रुपयांवरील खरेदीस ई-निविदा ही त्या वेळची मर्यादा. त्याच वर्षी सरकारी खरेदीसाठीचे केंद्राचे ‘जेम’ संकेतस्थळ सुरू झाले व २०१७ मध्ये राज्याने ते स्वीकारले. दरपत्रके, बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत), दोन लिफाफे (एकात तांत्रिक माहिती, दुसऱ्यात दर), तुलनात्मक तक्ता हे टप्पे इतर कार्यालयांसारखेच. संगणकीय सामग्रीचा काही भाग ई-न्यायालय प्रकल्पातून येतो. त्याच्या तिसऱ्या टप्प्यास २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले.

न्यायालयाचे वेगळेपण नाझर या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या टेबलावर दिसते. अरबी ‘नाझिर’ म्हणजे पाहणारा, देखरेख करणारा. जप्तीचा माल, बेलिफांची (समन्स व जप्ती बजावणाऱ्यांची) कामे, न्यायालयात भरलेल्या रकमा आणि कार्यालयाची खरेदी या सगळ्यांचा संबंध त्याच्याशी येतो. भूसंपादनाची भरपाई थकली म्हणून एखाद्या सरकारी कार्यालयातील खुर्ची जप्त करण्याची कारवाई ज्या शाखेमार्फत होते, तीच शाखा न्यायालयासाठी खुर्च्या घेते. घेतलेली वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) चढते व निकामी झाल्यावर निर्लेखन होऊन, म्हणजे नोंदीतून कमी होऊन, लिलावात जाते. मार्चअखेरीस निधी व्यपगत होऊ नये (न खर्चता परत जाऊ नये) म्हणून होणारी धावपळ येथेही चुकलेली नाही.

वाद : निविदा प्रक्रियेचे न्यायालयीन पुनर्विलोकन सर्वोच्च न्यायालयाच्या टाटा सेल्युलर (१९९४) या निवाड्याच्या चौकटीत होते. न्यायालय निर्णय कसा घेतला ते तपासते, स्वतः दर ठरवत नाही. सातारा व सांगलीतील अशा रिट याचिकांसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत आहेत.