ॲक्सोलॉटलच्या पिल्लांचे संगोपन (मुंबई)

ॲक्सोलॉटल (शास्त्रीय नाव ॲम्बिस्टोमा मेक्सिकॅनम) या पाण्यातच आयुष्य काढणाऱ्या सॅलॅमँडरची (पालीसारख्या दिसणाऱ्या, शेपटीच्या उभयचराची) पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यापासून ७–८ सेंमी. लांबीची होईपर्यंत घरी वाढवण्याची पद्धत. हा उभयचर मूळचा मेक्सिको सिटीलगतच्या शोचिमिल्को आणि चाल्को सरोवरांतला. बेडकासारखे त्याचे रूपांतरण होत नाही. बाहेरचे पिसाऱ्यासारखे कल्ले तो जन्मभर राखतो आणि त्याच अवस्थेत प्रजननक्षम होतो. निसर्गात तो अति-संकटग्रस्त आहे. प्रयोगशाळांतील आणि तेथून हौशी लोकांकडे आलेल्या ॲक्सोलॉटलांची वंशावळ मात्र बऱ्याच अंशी १८६४ साली पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांपर्यंत मागे जाते.

मुंबईत या पिल्लांच्या बाबतीत सर्वांत आधी सोडवायचा प्रश्न पाण्याच्या तापमानाचा आहे. शोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मी. उंचीवर असल्याने तेथील पाणी थंड असते. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवते, २० पर्यंत निभावते आणि २४ च्या वर त्याची प्रकृती ढासळू लागते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, त्याच वेळी प्राण्याची प्राणवायूची गरज वाढते, उरलेले अन्न लवकर कुजते आणि बुरशी व जीवाणू फोफावतात. इवल्याशा पिल्लाला हे सारे एकदम सोसत नाही. मे महिन्यात इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून नळाला येणारे पाणी ३० अंशांच्या पुढे असते, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण किती मोठी आहे ते कळते.

ॲक्सोलॉटलच्या टाकीवर पंखा लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो. मुंबईत तो बहुतेक महिने फोल ठरतो. पंखा पाणी थंड करतो तो बाष्पीभवनाने, आणि बाष्पीभवनाने पाणी हवेच्या आर्द्र-गोलक तापमानाखाली (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानाखाली) कधीच जात नाही. मे ते सप्टेंबर या काळात मुंबईत हे तापमान २६–२७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे पंखा रात्रंदिवस फिरवला तरी पाणी सुरक्षित मर्यादेत येणार नाही. डिसेंबर–जानेवारीत हवा कोरडी असते, रात्री गार असतात. तेव्हा पंख्याने बरेच साधते. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर काही तासांतच पाणी गार-गरम-गार होते आणि हे हेलकावे पिल्लांना बाधतात.

उरतात दोन मार्ग. एक, दिवसरात्र एसी चालू असलेली खोली. दुसरा, जो अधिक विश्वासार्ह आणि दीर्घकाळात स्वस्त आहे, तो असा : मोठ्या टबातले पाणी चिलरने (पाणी गार करणाऱ्या यंत्राने) १७–१८ अंशांवर ठेवायचे आणि पिल्लांचे छोटे डबे त्या पाण्यात अर्ध्याहून अधिक बुडतील असे तरंगते किंवा टेकवून ठेवायचे. चिलरचा प्रवाह पिल्लांपर्यंत पोहोचत नाही, गारवा मात्र पोहोचतो. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, म्हणून तो बंद कपाटात किंवा माळ्यावर कोंडू नये. यांपैकी कोणतीही सोय नसेल, तर मुंबईत पिल्ले वाढवायला घेऊ नयेत.

पाणी : मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी आदी पावसावर भरणाऱ्या तलावांचे मृदू पाणी येते आणि त्यात क्लोरीन असते. क्लोरीन कल्ल्यांची त्वचा भाजते. पाणी एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून २४ तास उघडे ठेवावे किंवा माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक घालावे. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, तेव्हा पाण्याचा गुणधर्म एका दिवसात बदलतो. त्यासाठी दोन दिवसांचे तयार पाणी हाताशी असणे चांगले. ॲक्सोलॉटलला किंचित कठीण पाणी मानवते, त्यामुळे क्षारच नसलेले आरओचे पाणी टाळावे.

अंडी १८–२० अंशांना दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. बाहेर आलेले पिल्लू सेंटिमीटरभर लांब असते, त्याला पाय नसतात आणि पहिले दोन-तीन दिवस ते पोटातील पीतकावर (अंड्यातल्या उरलेल्या बलकावर) जगते. या काळात काहीही खायला घालू नये. डब्यात वाळू, खडे किंवा फिल्टर नको. वाळूत घाण अडकते आणि फिल्टर पिल्लांना ओढून घेतो. रोज जवळजवळ सगळे पाणी बदलायचे, तेही डब्यातल्या पाण्याइतक्याच तापमानाचे. पिल्ले जाळीने न पकडता रुंद तोंडाच्या ड्रॉपरने पाण्यासकट उचलावीत.

अन्न हा दुसरा कळीचा भाग. पिल्लाला हलणारे तेवढेच अन्न दिसते. मागचे पाय फुटेपर्यंत पेलेट (दाणेदार सुके खाद्य) किंवा वाळवलेले किडे त्याच्या लेखी नसतातच. म्हणून अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे सूक्ष्म जीव) लागतात, रोज आणि शक्यतो दोन वेळा. येथे मुंबईची हवा कामी येते. आर्टेमियाची अंडी २५–२८ अंशांना साधारण २४ तासांत फुटतात, त्यामुळे हीटरची गरज नसते. शीतपेयाची बाटली उलटी टांगून, लिटरमागे २५–३० ग्रॅम खडे मीठ घातलेले पाणी, खालून हवा आणि वरून दिवा एवढ्याने काम होते. हवा बंद करून दिवा बाटलीच्या खालच्या बाजूला धरला की टरफले वर येतात आणि जिवंत आर्टेमिया खाली, उजेडाच्या बाजूला जमतात. ते दाट कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवावेत. खारट पाणी डब्यात जाता कामा नये. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतात आणि पाणी नासवतात, म्हणून खाऊन झाल्यावर उरलेले काढून टाकावेत.

डाफ्निया (गोड्या पाण्यातला पिसवेएवढा जीव) हे त्याहून सोयीचे अन्न, कारण ते गोड्या पाण्यात जिवंत राहते. बाल्कनीत त्याचा टब ठेवायचा तर वर बारीक जाळी बांधणे अनिवार्य आहे. डेंग्यू-मलेरियासाठी महापालिकेचे कर्मचारी साठवलेले पाणी तपासतात, आणि ते योग्यच आहे. बाजारात वाटीवर मिळणारे जिवंत ट्यूबिफेक्स (बारीक लाल किडे) पिल्लांना देऊ नयेत. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात.

पुढचे पाय आधी फुटतात, मागचे काही आठवड्यांनी. या मधल्या काळात पिल्ले हलेल त्यावर तोंड टाकतात आणि शेजाऱ्याचा पाय किंवा कल्ला तोडतात. तुटलेला अवयव पुन्हा येतो, पण गार आणि स्वच्छ पाणी असेल तरच. उपाय एकच : आकारानुसार वेगळे करणे, गर्दी कमी ठेवणे, पोट भरलेले ठेवणे. खोडकर पिल्लाला स्वतंत्र डबा द्यावा. कल्ले पुढे वळणे, शेपटीचे टोक मुडपणे ही त्रासाची लक्षणे. ती दिसताच आधी थर्मामीटर पाहावा. मागचे पाय आले की पिल्लू निश्चल अन्नही वास घेऊन खाते, तेव्हा गांडुळाचे बारीक तुकडे आणि लहान पेलेट सुरू करता येतात.

मादी एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते. एवढी पिल्ले एका फ्लॅटमध्ये नीट वाढवणे अशक्य आहे. पंधरा-वीस अंडी ठेवून बाकीची पहिल्या एक-दोन दिवसांतच गोठवणे, हाच जबाबदारीचा निर्णय होय. ॲक्सोलॉटल साइटीस कराराच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये असल्याने २०२२ च्या सुधारित वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पिल्लांचा जन्मही कळवावा लागतो. नको झालेली पिल्ले पवई किंवा अन्य तलावात सोडणे क्रूरपणाचे आहे : ती उष्णतेने मरतात, आणि उभयचरांना मारणारी काइट्रिड बुरशी पाण्यातून पसरत असल्याने सह्याद्रीतील बेडकांनाही धोका संभवतो. त्याच कारणाने डब्यातले बदललेले पाणीही घरातल्या मोरीत ओतावे, तलावात किंवा ओढ्यात ओतू नये.