खांद्यावर पडणारी रायफल

नामिबियात शिकारीला जायचं तर तुमची रायफल कुठल्या कंपनीची, याच्याशी नियमाला देणंघेणं नसतं. तिची गोळी नळीतून बाहेर पडताना किती ज्यूल ऊर्जा घेऊन निघते, ते बघतात. स्प्रिंगबकसारख्या लहान हरणाला किमान १३५० ज्यूल, कुडू किंवा ऑरिक्ससारख्या मोठ्या हरणाला २७००, आणि हत्ती, केप म्हैस असल्या अंगावर येणाऱ्या जनावरांना ५४००. पायरीपायरीला दुप्पट. सरकारी नियम इतका सुबक क्वचितच असतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा विषयच मिटवला, आणि ते बरंच झालं. पण नामिबिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, झिम्बाब्वे इथं परवाना काढून शिकार करता येते, आणि जाणारा माणूस निघण्याआधी कितीतरी महिने एकाच प्रश्नावर डोकं खाजवत असतो: न्यायची कुठली रायफल? शिकार आपल्याला पटो न पटो, प्रश्न मोठा गमतीचा आहे. त्याचा बहुतेक हिशोब अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसतो, तरी शंभर-सव्वाशे वर्षं त्यावर भांडणं चालू आहेत.

भांडणाच्या मुळाशी बहुतेक वेळा एक स्कॉटिश माणूस निघतो. वॉल्टर बेल. युगांडातल्या करामोजा भागात हस्तिदंतासाठी भटकला म्हणून ‘करामोजो’ बेल. त्यानं हजाराहून जास्त हत्ती मारले. आज वाचताना पोटात गोळा येतो, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रीतसर धंदा होता. त्यातले बहुतेक हत्ती त्यानं ७ मिलिमीटरच्या माउझर रायफलीनं मारले. इंग्रजांनी याच काडतुसाला .२७५ रिग्बी असं नाव दिलं होतं. (असल्या नावांतला आकडा म्हणजे साधारण नळीचा व्यास, इंचात.) चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना जी रायफल भेट मिळाली, ती याच काडतुसाची. कुमाऊँच्या जंगलात ती शोभून दिसते. हत्तीसमोर मात्र ती खेळणं वाटावी.

आकडे मांडून बघू. बेलची गोळी साधारण ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणलं की हाती येतात २७०० ज्यूल. म्हणजे आजच्या नामिबियात बेलला या रायफलीवर कुडूची परवानगी मिळाली असती, तीही काठावर पास होऊन. मग हत्ती कसे पडले?

पोत्यात दाभण शिरतो, वरवंटा शिरत नाही. गोळीचंही तसंच आहे. ती किती खोल जाणार हे ठरवताना एक साधा भागाकार फार कामाचा ठरतो: गोळीचं वजन भागिले तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅमचा रेटा आहे. बेलच्या बारीक, लांबुडक्या गोळीला हा आकडा येतो सुमारे २७.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. बेलच्या एक-दोन पिढ्या आधीचे शिकारी ‘चार बोअर’ची बंदूक वापरत. बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या त्या मापाच्या किती गोळ्या होतात तो आकडा. आपल्याकडे शेतराखणीला असते ती बारा बोअर. तिच्या नळीच्या मापाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. चार बोअरची एकच गोळी पाव पौंडाची, ११३ ग्रॅमची. व्यास जवळजवळ २७ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या बोराएवढा शिशाचा गोळा. बेलच्या गोळीच्या दहापट वजन! पण तोच भागाकार करा, उत्तर येतं २०. दहापट वजनाचा गोळा दर चौरस सेंटिमीटरमागे बेलच्या सुईपेक्षा हलका पडतो. कारण गोळा वाढला की त्याचं तोंडही वाढतं, आणि गोल आकारात लांबी वाढवून घ्यायची सोय नसते. त्यात शिसं मऊ. हाडावर आपटलं की चपटतं आणि तोंड आणखी रुंद होतं. बेलच्या गोळीला पुढूनही कडक धातूचं पूर्ण कवच होतं. ती आपला आकार राखून सरळ जात राही.

हा भागाकार म्हणजे सगळं काही नव्हे. वेग, टोकाचा आकार, गोळी आत गेल्यावर कलंडते का, हेही मोजावं लागतं. आणि बेलचं खरं गुपित तर रायफलीत नव्हतंच. त्यानं हत्तीची कवटी करवतीनं उभी चिरून आत मेंदू नेमका कुठे बसतो ते बघून ठेवलं होतं. हत्तीचं डोकं बाहेरून केवढं तरी दिसतं, पण त्यातलं पुष्कळसं हाड मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ असतं. एवढा मोठा सांगाडा मानेला पेलवावा म्हणून निसर्गानं केलेली काटकसर. चार-पाच किलोचा मेंदू या पोळ्यात बराच मागे लपलेला. समोरून, बाजूनं, तिरकं, कुठूनही बघितलं तरी तो कुठे असेल हे बेल डोळे मिटून सांगू शकत असणार.

तुम्हा-आम्हाला ते जमणार नाही, आणि नियम तुम्हा-आम्हासाठी असतात. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्या, धाप लागलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाची गोळी चार बोटं चुकणार हे धरून चालावं लागतं. जखमी केप म्हैस उलटून आली तर सेकंदाला पंधरा मीटरच्या आसपास वेगानं येते. तीस मीटरवरची म्हैस दोन सेकंदांत तुमच्यापाशी. म्हणून खोलीही हवी आणि भोकही मोठं हवं. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ साली काढलेलं .३७५ चं काडतूस आजही टिकून आहे ते यामुळे. गोळी १९.४ ग्रॅमची, वेग ७६० मीटर, ऊर्जा ५६०० ज्यूल. तिचाही भागाकार २७ च येतो! म्हणजे शिरकाव बेलच्या गोळीच्या तोडीचा, भोकाचं क्षेत्रफळ पावणेदोन पट. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी हेच किमान माप धरतात.

इथं एक गैरसमज हमखास डोकावतो. मोठ्या रायफलीची गोळी लागली की जनावर ‘उडून पडतं’, असं सिनेमानं आपल्याला शिकवलंय. व्यावसायिक गाइड हातात बाळगतात ती .४७० ची दणकट दुनळी घ्या: ३२ ग्रॅमची गोळी, वेग ६५५ मीटर, संवेग २१ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. हा सगळाच्या सगळा संवेग ७०० किलोच्या म्हशीला दिला तर ती सेकंदाला तीन सेंटिमीटर वेगानं मागे सरकेल. मुंगी याहून जोरात धावते. जनावर पडतं ते मेंदू, मज्जारज्जू, हृदय किंवा फुप्फुसं निकामी झाल्यानं, ढकलल्यानं नव्हे.

ढकललं जातं ते शिकाऱ्याला. न्यूटनचा तिसरा नियम. शिवाय गोळीमागून सुसाट बाहेर पडणाऱ्या वायूंचा धक्काही त्यालाच सोसायचा, म्हशीला तो लागत नाही.

हा धक्का ज्यूलमध्ये सांगून कळत नाही. म्हणून मी एक वेगळी पट्टी वापरतो: हीच रायफल, नळी आभाळाकडे आणि दस्ता खाली, किती उंचीवरून तुमच्या खांद्यावर सोडली तर तेवढ्याच वेगानं आदळेल? कॉलेजात एन.सी.सी.च्या कॅम्पात .२२ च्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. उस्ताद ‘बट खांद्यात घट्ट दाबा’ म्हणून का ओरडत होते ते तेव्हा कळलं नाही. आता हिशोब केला तर उंची निघते दोन मिलिमीटर! हरणांसाठी जगभर वापरतात ती थर्टी-नॉट-सिक्स, साडेतीन किलोच्या आसपासची: पाऊण मीटर. चार किलोची .३७५: सव्वा मीटरहून थोडी जास्त. पाच किलोची .४७०: एक मीटर ऐंशी. म्हणजे तुमच्या डोक्याइतक्या उंचीवरून पाच किलोचं लोखंड आणि लाकूड, दस्ता खाली करून, थेट खांद्यावर.

आणि चार बोअर? बंदूक सहा किलोची आणि गोळीचा वेग ४०० मीटर धरला, दारूचा धूर हिशोबात घेतलाच नाही, तरी जवळजवळ तीन मीटर. एक अख्खा मजला.

आफ्रिकेतला इंग्रज शिकारी फ्रेडरिक सेलूस यानं तरुणपणी हे भोगलं. ठासणीची बंदूक, पिशवीतून मुठीनं दारू काढून ठासायची. एकदा गोंधळात तिच्यात दोन बार भरले गेले. चाप ओढल्यावर बंदूक एकीकडे, सेलूस दुसरीकडे. जखमा बऱ्या झाल्या, पण पुढे त्यानं कबूल केलं की त्या बंदुकांच्या धक्क्यानं आपला नेम आणि धीर कायमचा बिघडला. सॅम्युअल बेकर या दुसऱ्या इंग्रज शिकाऱ्याकडे याहून भयानक तोफ होती, अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी. लाडानं तिला ‘बेबी’ म्हणत. झाडली की तो भोवऱ्यासारखा गरकन फिरे. तोही ती शक्यतो झाडायचं टाळायचा. वीस पौंडांची बंदूक मैलोन्‌मैल वाहून न्यायची आणि वापरायची मात्र नाही!

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलनं धूर न करणारी दारू बनवली, मागोमाग इंग्लंडात कॉर्डाइट आलं, आणि हे राक्षस संपले. वेग वाढल्यावर गोळी बारीक करता आली. कॉर्डाइटची खोड एवढीच की उन्हात तापलं की नळीतला दाब वाढतो. लंडनच्या थंडीत बिनतक्रार चालणारी बंदूक आफ्रिकेच्या दुपारी रिकामं पुंगळं सोडेना. म्हणून या जुन्या काडतुसांची पुंगळी ऐसपैस ठेवलेली दिसतात: दारूला जागा जास्त, दाब कमी.

यात एक भारतीय वळणही आहे. .४५० हे माप तेव्हा फार लोकप्रिय होतं. पण सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलींचं माप तेच, आणि त्या बंडखोरांच्या हाती पडलेल्या. शिकाऱ्यांच्या गोळ्या त्यांच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून इंग्रज सरकारनं १९०७ च्या सुमारास भारत आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी घातली. बंदूकवाल्यांनी काय करावं? .४६५, .४७०, .४७५ अशी मापं पुढे केली. बंदीनं बंदूक लहान व्हायच्या ऐवजी मोठी झाली. गाइडच्या खांद्यावरची .४७० ही त्या फर्मानाची देणगी.

तिच्या दोन नळ्या समांतर नसतात, हे मला फार उशिरा कळलं. उजव्या नळीतली गोळी सुटायच्या आतच धक्क्यानं रायफल किंचित वर आणि उजवीकडे वळू लागते, डाव्या नळीनं डावीकडे. म्हणून नळ्या पुढच्या टोकाला जराशा एकमेकींकडे वळवून जोडतात. किती, ते गणितानं भागत नाही. कारागीर गोळ्या झाडतो, कागदावरची भोकं बघतो, तोंडाशी दोन नळ्यांमधला डाख तापवून पाचर केसभर सरकवतो, पुन्हा डाख देतो, पुन्हा झाडतो. दोन्ही भोकं शेजारी येईपर्यंत. हे सगळं एका ठरावीक काडतुसाला लागू. काडतूस बदललं की नळ्या पुन्हा फटकून वागू लागतात. या दुनळ्या मोटारीच्या किमतीला का जातात ते यावरून कळावं.

सुट्टीवरच्या माणसाला ती चैन नको. त्यानं .३७५ ची बोल्टवाली, म्हणजे दर गोळीला हातानं खटका मागेपुढे करायची एकनळी, घ्यावी; वर कमी वर्धनाची दुर्बीण, तीही डोळ्यापासून चार बोटं लांब. नाहीतर धक्क्यानं भुवईवर अर्धचंद्र उमटतो. पैसे उरले तर ते गोळ्यांवर घालावेत. पुढून फुलणारी गोळी जगभर गाजली ती आपल्या दमदमच्या, कोलकात्याजवळच्या कारखान्याच्या नावानं. १८९९ च्या हेग परिषदेनं ती युद्धात निषिद्ध ठरवली. शिकारीत मात्र तीच योग्य मानतात, कारण जनावर लवकर मरतं. फक्त म्हशीसारख्या जाड अंगाच्या जनावराला ती फार लवकर फुलून चालत नाही. आता अखंड तांब्याच्याही मिळतात. शिशाचे कण मांसात राहून गिधाडांना, कॉन्डॉरना विष होतात म्हणून कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच बंद केली.

तळावर पोचल्यावर पहिल्या दिवशी गाइड पाहुण्याला शंभर मीटरवरच्या कागदावर गोळ्या झाडायला लावतो. सांगतात की रायफल प्रवासात हलली आहे का ते बघायला. ते खरंच आहे. पण मुरलेला गाइड आणखी एक खोडी करतो. रायफल स्वतः भरून हातात देतो, आणि मधेच एकदा आत झाडलेलं रिकामं पुंगळं सरकवतो. पाहुणा तीन काठ्यांच्या टेकूवर नळी ठेवून नेम धरतो, श्वास रोखतो, चाप ओढतो. नुसती टक. धक्का नाहीच, तरी डोळे मिटलेले, खांदा पुढे आलेला, आणि नळी चार बोटं खाली झुकलेली. गाइड काही बोलत नाही. जीपमधून लहान मापाची रायफल काढून आणतो.